साहेबाचा घागरा

मरियमबीला माणसं सहसा पसंत पडत नसत. यात आपलं काही चुकतंय असं तिला कधी वाटलं नाही. माणसंच तशी, त्याला ती काय करणार?

दुबईच्या पलीकडे फुजैऱ्याला लेकाकडे येऊन आठवडा झाला नव्हता, तोच तिने घरातल्या सगळ्यांचा निकाल लावून टाकला होता. सून उझमा फ्रिज भरभरून ठेवते आणि त्यातलं अर्धं टाकून देते. नात मुनिबाला मराठीत काही विचारलं की ती इंग्रजीत उत्तर देते. लेक मुनीर तेलाच्या टर्मिनलवर मॅनेजर झाला खरा, पण जेवताना फोन वाजला आणि तो उठून उभा राहिला की समजावं, पलीकडे साहेब आहे. नवरा खैरुद्दीन याच्याबद्दल तर चाळीसेक वर्षांत नवीन बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं, म्हणून ती जुनंच बोलायची.

त्या सकाळी ती स्वयंपाकघराच्या खिडकीत चहा घेत उभी होती. समोरच्या व्हिलाचं दार उघडलं आणि लाल दाढीचा एक उंच गोरा सायकल घेऊन बाहेर आला. वर साधा शर्ट, पायात पोटऱ्यांपर्यंत लोकरीचे मोजे आणि कमरेला गुडघ्यापर्यंतचा हिरव्या-निळ्या चौकड्यांचा घागरा. मागे चांगल्या चुण्यासुद्धा घातलेल्या. त्याने पुढची बाजू एका हाताने सावरली, सायकलीवर टांग टाकली आणि शीळ घालत निघाला. वारा समुद्रावरून येत होता. घागरा आपलं काम करत होता.

"तोबा!" मरियमबीने कप खाली ठेवला. "उझमा, इकडे ये. हे काय ध्यान?"

उझमा धावत आली, बघितलं, आणि तिने खिडकी लावून घेतली. "अम्मी, हळू बोला. ते मिस्टर इनिस. मुनीरचे बॉस. आणि तो घागरा नाही, किल्ट म्हणतात. स्कॉटलंडचा नॅशनल ड्रेस आहे."

"नॅशनल असो नाहीतर इंटरनॅशनल, गुडघे दिसतात ना? आणि एवढा नटून चालला कुठे?"

"बकालावर, कोपऱ्यावरच्या दुकानात. दूध आणि ब्रेड आणायला." उझमाच्या आवाजात भक्ती होती. "किती साधे आहेत बघा. एवढी मोठी पोस्ट, दारात दोन गाड्या, पण ब्रेड आणायला सायकलने जातात. सगळ्या कंपाउंडला त्यांचं कौतुक आहे."

मरियमबीने चहा पुन्हा उचलला. तिच्या नवऱ्याने सगळं तरुणपण सायकलीवर पाव वाहिला होता. गावाकडे मिरकरवाड्यातल्या बेकरीतून पहाटे निघायचं, भाट्याचा पूल ओलांडायचा आणि मागे पावाची पेटी बांधून थेट गोळपापर्यंत चढायचं. लुंगी वर खोचलेली, घंटी वाजवत. त्याला साधा म्हणून कोणी वाखाणलं नव्हतं. पाववाला म्हणायचे. तिनेही काही वेगळं म्हटलं नव्हतं. स्कूटर घ्या, स्कूटर घ्या म्हणून तिने आयुष्यभर त्याच्या मागे टुमणं लावलं होतं, आणि शेजारणींसमोर त्या सायकलीचा उद्धार केला होता.

सायकल या घरातही होती. दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलेली, शिकार केलेल्या प्राण्याचं मुंडकं लावावं तशी. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, घंटी नाही. सुट्टीच्या दिवशी मुनीर अंगाला चिकटलेले कपडे घालायचा, सायकल उतरवून गाडीच्या टपावर बांधायचा, कुठल्याशा ट्रॅकपर्यंत गाडी चालवत न्यायचा, तिथे गोल गोल फिरायचा आणि पुन्हा सायकल टपावर चढवून घरी आणायचा.

"सायकलीला हवा खायला नेतो," मरियमबी म्हणायची.

खैरुद्दीनला घरात बसून कंटाळा आला होता. त्याचा एक कान कामातून गेला होता आणि दुसरा तो सोयीप्रमाणे वापरायचा. एक दिवस बकालावाल्या मोहिद्दीनशी त्याने मोडक्या हिंदीत दोस्ती जमवली आणि दुकानामागे पडलेली एक जुनी काळी सायकल मागून आणली. पुढे टोपली, मागे कॅरिअर, चेनीवर पुरतं झाकण. त्याने तिला तेल दिलं, हवा भरली, आणि दुसऱ्या सकाळी लुंगी खोचून तो मासळी बाजाराला गेला. परत आला तो हँडलला सुरमई टांगून. शेपटी जवळजवळ चाकाला लागत होती.

मरियमबीने मासळी बघितली, ताजी होती. नवऱ्याला बघितलं. "इथे येऊनही तेच," एवढंच म्हणून ती मासळी कापायला बसली.

असं चार-पाच सकाळी चाललं. मग मुनीरने बापाला समोर बसवलं.

"अब्बा, मासे उझमा ऑनलाइन मागवते. तुम्ही कशाला जाता?"

"ऑनलाइनला वास घेता येतो काय?"

"तसं नाही. लोक बघतात. इथे सायकल दोघंच चालवतात, एक लेबर आणि दुसरे फिटनेसवाले. तुम्ही दोन्हीत बसत नाही. त्यात लुंगी. लेबर कॅम्पात घालतात लुंगी."

"आणि तुझा साहेब?"

"ते युरोपियन आहेत, अब्बा. त्यांची गोष्ट वेगळी."

"मी मिरकरवाड्याचा आहे," खैरुद्दीनने तितक्याच गंभीरपणे सांगितलं आणि बहिरा कान त्याच्याकडे केला.

मरियमबी कोथिंबीर निवडत ऐकत होती. मुनीर जे बोलला त्यातला शब्द न् शब्द ती स्वतः कधी ना कधी बोलली होती. तरी तिच्या डोक्यात तिडीक गेली. नवऱ्याला नावं ठेवण्याचा मक्ता तिचा होता. तो तिने त्याच्याबरोबर उपास काढून, मैद्याची फाटकी पोती शिवून, त्याचे मळके कपडे घासून मिळवला होता. पोराने त्यात हात घालावा हे तिला खपलं नाही. ती कोथिंबिरीची देठं जरा जोरात खुडू लागली.

शनिवारी दुपारी मुनीरकडे टर्मिनलवरची मंडळी जेवायला येणार होती. अंगणात कबाबांचा धूर सुरू झाला होता. खैरुद्दीन पुदिना आणायला म्हणून गेला होता, त्याला उशीर झाला. पाहुणे आले, खुर्च्यांत बसले, आणि मुनीरचा फोन वाजला. कंपाउंडच्या फाटकावरून गनी बोलत होता. तो नवीन वॉचमन होता. त्याचा आवाज शेजारी उभ्या मरियमबीला स्पष्ट ऐकू आला.

"सर, एक बुढ्ढा आदमी है, लुंगी में, सायकल पे. बोलता है आपके घर का है. मेन गेट से लेबर अलाउड नहीं है, सर. क्या करूं?"

मुनीरने पाहुण्यांकडे पाठ केली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "ठीक है. बॅक गेट से भेज दो."

त्याने फोन खिशात टाकला आणि हसत पाहुण्यांकडे वळला. समोर आई होती.

"मागच्या फाटकाने कचऱ्याची गाडी येते," मरियमबी म्हणाली.

"अम्मी, आत्ता नको. प्लीज. तमाशा नको म्हणून..."

तिने डोक्यावरची ओढणी नीट केली आणि चालू पडली. मागच्या फाटकाशी खैरुद्दीन पुदिन्याची जुडी टोपलीत टाकून निवांत येत होता. मागचं काय आणि पुढचं काय, त्याला काही फरक पडलेला दिसत नव्हता.

"फिरा मागे," ती म्हणाली.

"का? आलोच की."

"फिरा म्हणते ना. अभिमान कुठे विसरून आलात?"

"मोहिद्दीनकडे असेल," तो म्हणाला आणि फिरला.

दोघं कंपाउंडला वळसा घालून पुढच्या फाटकाशी आली. ती पुढे, तो सायकल ढकलत मागे. नेमका त्याच वेळी इनिस साहेब बकालावरून आपल्या सायकलीवर, आपल्या घागऱ्यात, टोपलीत लांबलचक पाव घालून आला. गनीने अडसर वर केला आणि सलाम ठोकला. अडसर खाली यायच्या आत मरियमबीने हात आडवा घातला.

"माय हजबंड," तिने खैरुद्दीनकडे बोट दाखवलं. "मुनीर का बाप. तुम सलाम नहीं किया इसको."

गनी पांढरा पडला. तो बिचारा काय करणार, पण मरियमबीकडे त्या दिवशी बिचाऱ्यांसाठी जागा नव्हती.

आणि इनिस साहेब सायकलीवरून उतरला. त्याने खैरुद्दीनच्या लुंगीकडे बघितलं, आपल्या किल्टकडे बघितलं, आणि एकदम ओरडला, "ब्रिलियंट!"

पुढचं सगळं त्या एका शब्दातून घडलं. साहेब खैरुद्दीनच्या खांद्यावर हात टाकून अंगणात आला. मुनीर उभा राहिला. साहेबाने लुंगीचं कापड बोटांनी चाचपून बघितलं आणि काहीतरी विचारलं. मुनिबा मध्ये पडली. "दादाजी, ही इज आस्किंग, हे चेक्स विच फॅमिलीचे आहेत? त्यांच्यात एव्हरी फॅमिलीचे डिफरंट असतात."

"सांग त्याला, धनजी नाक्यावरच्या दुकानातले. कोणालाही मिळतात."

मुनिबाने सांगितलं. साहेब पोट धरून हसला, म्हणून सगळी मंडळी हसली. मुनीरही हसला. मरियमबी त्याच्याकडे बघत होती. धास्तावलेला चेहरा खुलायला त्याला किती कमी वेळ लागला, ते तिने बघून ठेवलं.

टर्मिनलचा हेल्थ डे जवळ आला होता. समुद्रकाठच्या रस्त्यावर सायकल फेरी होती, बायकामुलांसकट. साहेबाने जाहीर करून टाकलं की फेरीच्या पुढे आम्ही दोघं, मी किल्टमध्ये आणि मिस्टर खैरुद्दीन लुंगीत. हेरिटेज राइड.

दोन दिवसांत मुनीरची जीभ उलटी फिरली. "अब्बा, लुंगी म्हणजे आपली कल्चर आहे," तो जेवताना म्हणाला. "लोकांना वाटतं हे लेबरचं. आपणच आपली आयडेंटिटी दाखवायला पाहिजे." त्याने दुबईहून एक भारीची लुंगी मागवली, कडक, चकचकीत, सोनेरी काठाची. उझमाने तिला इस्त्री केली.

"गेल्या शनिवारी लेबर होते," मरियमबी म्हणाली, "या शनिवारी कल्चर झाले. पुढच्या शनिवारी काय होणार ते साहेबाला विचारून ठेव."

"अम्मी, तुला प्रत्येक गोष्टीत खोटच दिसते."

"दिसते ती असते म्हणून."

तिला जास्त राग नवऱ्याचा आला. तो खूश होता. आरशासमोर नवी लुंगी नेसून बघत होता, मिशीला कात्री लावत होता, फोटो मिरकरवाड्याला कसे पाठवायचे ते मुनिबाकडून शिकत होता. जन्मभर तिने एवढी नावं ठेवली तेव्हा या माणसाला फरक पडला नाही, आणि एका गोऱ्याने ब्रिलियंट म्हटलं तर मान ताठ झाली. तिने त्याला तसं म्हणूनही दाखवलं. त्याने नेमका बहिरा कान पुढे केला.

फेरीच्या सकाळी समुद्रावर लांबवर तेलाची जहाजं नांगर टाकून उभी होती आणि वारा बरा होता. रस्त्यावर एकसारख्या पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं जमली होती. बहुतेकांच्या सायकली गाड्यांच्या टपावरून आल्या होत्या. रस्त्याच्या पलीकडे कामगार आपापल्या जुन्या सायकलींवरून कामाला चालले होते, डबे हँडलला लटकवून. त्यांच्यासाठी कोणी टोपी आणली नव्हती. ते न थांबता बघत पुढे गेले. त्यांच्यात मरियमबीला दोन लुंग्याही दिसल्या.

खैरुद्दीनची काळी सायकल फोटोला शोभत नाही म्हणून त्याला एक नवी निळी सायकल दिली होती. तो बसला आणि सवयीप्रमाणे लुंगी गुडघ्यावर घेऊन खोचली. तेवढ्यात रिद्धी आली. ती टर्मिनलच्या जाहिरातीचं काम बघायची, अबू धाबीत वाढलेली पोरगी, बोलायला गोड.

"अंकल, लुंगी प्लीज खाली सोडा ना. वर बांधली की फोटोत जरा... यू नो. किल्टशी मॅच नाही होत."

"चेनीत जाईल, बाय. हिच्यावर झाकण नाही."

"फक्त पाच मिनिटं, अंकल. कॅमेऱ्यासमोरून जाईपर्यंत."

"खोचलेली राहू दे," मरियमबी म्हणाली.

"अम्मी, पाच मिनिटांचा प्रश्न आहे," मुनीर म्हणाला. "अब्बा, सोडा."

खैरुद्दीनने बायकोकडे बघितलं, लेकाकडे बघितलं, मग कॅमेऱ्याकडे. आणि लुंगी सोडली. सोनेरी काठ पावलांपर्यंत आला.

शिट्टी वाजली. पुढे साहेब आणि पाववाला, मागे सगळं टर्मिनल. साहेबाचा घागरा गुडघ्यावर उडत होता, त्याला चेनीचं भय नव्हतं. कॅमेऱ्यापर्यंत दोघं छान गेले. खैरुद्दीनने एक हात वर करून हलवलासुद्धा. तेवढ्यात वाऱ्याने काठ आत ढकलला, चेनीने तो पकडला, आणि नवी कडक लुंगी एका झटक्यात त्याच्या कमरेवरून सुटून चाकाकडे गेली. सायकल आडवी झाली. खैरुद्दीन हातावर पडला. चट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत, सगळ्यांसमोर, डांबरावर.

मागच्या सायकली थांबल्या. कोणीतरी हसलं. मग सात-आठ फोन वर झाले.

मरियमबी पळाली. गुडघे दुखतात हे ती विसरली. पळता पळता तिने मुनीरकडे बघितलं. तो बापापासून दोन हातांवर होता. त्याने आधी साहेबाकडे बघितलं, मग बापाकडे. बस, तेवढंच. नंतर तोही धावला, पण ते तेवढं ती बघून चुकली होती.

ती रस्त्यावर बसली. पायडल उलटं फिरवत तिने लुंगी चेनीतून ओढायला सुरुवात केली. हात काळे झाले. "पाच मिनिटं," ती पुटपुटत होती. "फोटोला मॅच. घ्या मॅच." खैरुद्दीन मनगट धरून कण्हत होता. तेवढ्यात दोघांवर सावली पडली. इनिस साहेब फोनवाल्यांकडे तोंड करून, पाय फाकवून, मध्ये उभा राहिला होता. त्याचा घागरा पडद्यासारखा पसरला होता. "पुट दोज डॅम फोन्स डाउन!" तो असा ओरडला की रस्त्यापलीकडचे कामगारही थबकले. फोन खाली गेले.

एवढ्या दिवसांत हा माणूस पहिल्यांदा कामाचं काही बोलला, असं मरियमबीला वाटलं. लुंगी सुटली. फाटली होती. तिने ती नवऱ्याच्या कमरेला गुंडाळली.

मनगटाचं हाड मोडलं होतं. हॉस्पिटलातून प्लास्टर घालून निघाले तेव्हा दुपार झाली होती. गाडीत मुनीरला राहवलं नाही.

"अब्बा, म्हणूनच मी आधी सांगत होतो, ट्रॅक पँट..."

"गाडी थांबव," मरियमबी म्हणाली.

"इथे नाही थांबवता येत, अम्मी."

"थांबव."

त्याने एका पेट्रोल पंपात गाडी घेतली. मागच्या सीटवरून ती त्याच्या मानेकडे बघत बोलली. आवाज चढवला नाही.

"तुला बापाची लाज वाटते. वाटू दे. मलाही वाटायची, मी तोंडावर बोलले आहे त्यांना. पण ती लाज माझी होती, मुनीर. मी ती कोणाला विचारून बाळगली नाही. तुझी लाजही साहेबाची आणि तुझा अभिमानही साहेबाचा. तुझं स्वतःचं काही आहे काय रे?"

मुनीरचे हात स्टिअरिंगवर होते. खैरुद्दीनला या वेळी दोन्ही कानांनी ऐकू आलं असावं, कारण तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "जाऊ दे गो. पोरगा आहे."

"तुम्ही तर बोलूच नका. कॅमेऱ्याला हात हलवत होता."

संध्याकाळी इनिस साहेब केक घेऊन आला. आला तो घागऱ्यातच. सोफ्यावर बसला आणि माफी मागू लागला, चूक माझी, कल्पना माझी. माणूस मनापासून बोलत होता, पण खाली बुटका सोफा आणि वर उंच माणूस, त्यामुळे मरियमबीला त्याच्या माफीकडे लक्ष देणं कठीण जात होतं. तिने चहाचा कप त्याच्यासमोर ठेवला आणि नातीला म्हणाली, "त्याला सांग, घागरा घालायचा तर पाय जुळवून बसायला शिक."

"अम्मी!" मुनीर उठून उभा राहिला.

पण मुनिबाने सांगून टाकलं होतं. "माय दादी सेज, प्लीज कीप युअर नीज टुगेदर."

साहेब दाढीपर्यंत लाल झाला आणि शाळेतल्या पोरासारखे त्याने पाय जुळवले. खैरुद्दीन प्लास्टरचा हात छातीशी धरून इतका हसला की कळ येऊन पुन्हा कण्हू लागला. मुनीर हळूच खाली बसला. साहेबाने त्याला कामावरून काढलं नाही, काही नाही. चहा मात्र दुसरा मागितला.

दोन दिवसांनी, कामावर जायच्या आधी, मुनीर घरात दिसेना. भिंतीवरची सायकल जागेवर होती. मरियमबीने खिडकीतून बघितलं तर तो मोहिद्दीनच्या काळ्या सायकलीवरून येत होता, ऑफिसची पँट, कडक शर्ट, आणि पुढच्या टोपलीत पिशवी. समोरच्या दोन-तीन व्हिलांतून माणसं बघत होती. तो घामाघूम झाला होता आणि कोणाकडे बघत नव्हता.

त्याने पिशवी ओट्यावर ठेवली. "बांगडे," तो म्हणाला.

मरियमबीने एक बांगडा उचलला, कल्ला उघडून बघितला, नाकाशी नेला.

"शिळे आहेत," ती म्हणाली. "कोणी गळ्यात मारले तुझ्या?"

"तिथे सगळे सारखेच दिसत होते."

"दिसणारच. बापाबरोबर जायचं होतं लहानपणी, तेव्हा झोपून असायचास."

तो तसाच उभा होता. पँटच्या पायाला वंगण लागलं होतं. ते धुऊन निघणार नव्हतं आणि उझमा बोलणार होती. मरियमबीने सुरी घेतली, बांगड्यांची डोकी उडवली, तिखट आणि कोकम नेहमीपेक्षा जास्त घातलं. रात्री सगळ्यांनी ते कालवण खाल्लं. खैरुद्दीनने डाव्या हाताने दोनदा भात घेतला. चांगलं झालंय असं कोणी म्हटलं नाही, कारण झालं नव्हतं.